मुक्या वसंताचा जाब

ज्या बाईंनी समुद्रावर तीन पुस्तके लिहिली आणि समुद्र अमेरिकेच्या घराघरांत नेऊन पोहोचवला, त्यांनी वयाची बावीस वर्षे पूर्ण होईपर्यंत समुद्र पाहिलेलाच नव्हता. रेचेल कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्प्रिंगडेल गावचा. तिथून किनारा शेकडो किलोमीटर दूर. गावाशेजारून ॲलेगेनी नदी वाहायची, टेकाडावर कार्सन कुटुंबाची पासष्ट एकर जमीन होती आणि गावात सरस बनवण्याचा कारखाना होता. आगगाडीतून उतरणाऱ्याचे स्वागत आधी त्या कारखान्याच्या वासाने होई.

तिघा भावंडांत रेचेल शेंडेफळ. वडील विम्याची कामे करीत आणि जमिनीचे तुकडे पाडून विकण्याची स्वप्ने पाहत. दोन्हींतून हाती फारसे काही लागले नाही. आई मारिया लग्नापूर्वी शिक्षिका होती. त्या काळी तिथेही लग्न झालेल्या बाईला शाळेत नोकरी नसे. मग तिची शाळा घरातच भरली. धाकटीला घेऊन ती रानात फिरे, पक्ष्यांची नावे सांगे, आणि घरात शिरलेला किडा न मारता बाहेर नेऊन सोडी. मुलगी वाचनात बुडालेली. अकराव्या वर्षी, १९१८ साली, तिची एक गोष्ट 'सेंट निकोलस' या मुलांच्या मासिकात छापून आली. आपण लेखिका व्हायचे हे तेव्हाच ठरून गेले.

१९२५ मध्ये ती पिट्सबर्गच्या मुलींच्या महाविद्यालयात दाखल झाली ती इंग्रजी साहित्य शिकायला. फीसाठी आईने पियानोच्या शिकवण्या केल्या, घरातली चिनी मातीची भांडी विकली. तिथे मेरी स्किंकर नावाच्या जीवशास्त्राच्या बाई भेटल्या आणि घोटाळा झाला. रेचेलने साहित्य सोडून जीवशास्त्र घेतले. लेखणीवर पाणी सोडले असेच तिला वाटले असणार. लिहायला विषय मिळाला आहे, हे उमगायला पुढे काही वर्षे जावी लागली. १९२९ च्या उन्हाळ्यात ती वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत काही आठवडे राहिली. समुद्र पहिल्यांदा दिसला तो तिथे.

या बाईंशी माझी ओळख झाली ती जवळजवळ नाइलाजाने. पदवीच्या पहिल्या वर्षाला इकॉलॉजी, म्हणजे पुस्तकी मराठीतली परिस्थितिकी, शिकवण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. विषयाला तेव्हा फारसा मान नव्हता. प्राणिशास्त्राच्या पोरांना कापाकापीत रस, वनस्पतिशास्त्राच्या पोरांना सूक्ष्मदर्शकात. परिस्थितिकीचा तास म्हणजे गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार अशी चित्रे ओळीने काढायची, मधे बाण मारायचे आणि घंटेची वाट पाहायची. त्या बाणातून नेमके काय जाते, हे कोणी विचारत नसे. मी फळ्यावर कार्सनबाईंची गोष्ट सांगू लागलो, तेव्हापासून विचारू लागले.

तर, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बाईंनी १९३२ साली एम.ए. केले. प्रबंधाचा विषय होता मार्जारमीनाच्या पिल्लात मूत्रपिंडाची घडण कशी होते हा. डॉक्टरेट मात्र पैशाअभावी सोडावी लागली. १९३५ मध्ये वडील वारले. दीड वर्षाने थोरली बहीण गेली, तिच्या दोन मुली मागे राहिल्या. त्या मुली, म्हातारी आई आणि भाड्याचे घर, सगळे या अविवाहित मुलीच्या अंगावर आले. आपल्याकडे अशा कर्त्या लेकी घरोघर दिसतात. त्यांच्या वाट्याला चरित्रकार येत नाहीत, एवढेच.

सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्यात रेडिओवरच्या छोट्या कार्यक्रमांचे लेखन करण्याचे काम मिळाले. सात-सात मिनिटांचे बावन्न भाग. मग खात्याची परीक्षा देऊन, पहिल्या क्रमांकाने, १९३६ मध्ये त्या कनिष्ठ जीवशास्त्रज्ञ झाल्या. एका सरकारी पुस्तिकेसाठी त्यांनी समुद्रावर प्रास्ताविक लिहिले. वरिष्ठांनी ते वाचले आणि परत केले. सरकारी पुस्तिकेसाठी हे फारच चांगले आहे, हे 'अटलांटिक मंथली'कडे पाठवा, असा त्यांचा सल्ला होता. असा वरिष्ठ सगळ्यांना लाभो! १९३७ मध्ये तो लेख छापून आला आणि त्यातून १९४१ च्या नोव्हेंबरात पहिले पुस्तक निघाले. महिनाभरात पर्ल हार्बर झाले, अमेरिका युद्धात उतरली आणि पुस्तकाच्या दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत.

दिवसा कचेरी, रात्री लेखन, असे आणखी दहा वर्षे चालले. १९५१ साली 'द सी अराउंड अस' आले. शहाऐंशी आठवडे ते सर्वाधिक खपाच्या यादीत राहिले, नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले, तीसहून अधिक भाषांत भाषांतरे झाली. इतके शास्त्र इतक्या अधिकाराने सांगणारा लेखक पुरुषच असणार, असे काही वाचकांनी धरून ठेवले होते. बाईंनी १९५२ मध्ये नोकरी सोडली आणि मेन राज्यात, साउथपोर्ट बेटावर, खडकाळ किनाऱ्याला लागून छोटेसे घर बांधले. भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात वाकून बसावे, खळग्यातल्या पाण्यातले जीव बादलीत घ्यावेत, घरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत आणि पुन्हा जिथले तिथे नेऊन सोडावेत. आयुष्य असे सुखाने गेले असते.

पण १९५७ च्या सुरुवातीला बहिणीच्या दोन मुलींपैकी एक, मार्जोरी, वारली. तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर बाईंनी दत्तक घेतला. स्वतःचे वय पन्नास, आई अठ्ऱ्याऐंशीच्या घरात आणि घरात बालवाडीतले पोर. त्यातच जानेवारी १९५८ मध्ये एका मैत्रिणीचे पत्र आले. मॅसेच्युसेट्समधल्या डक्सबरी गावी ओल्गा हकिन्स यांनी दोन एकरांची जागा पक्ष्यांसाठी राखली होती. डास मारण्यासाठी सरकारी विमानाने तिच्यावरून डीडीटी फवारले आणि पाण्याच्या भांड्याभोवती पाखरे मरून पडली. डासांना फारसा फरक पडला नाही.

डीडीटी म्हणजे त्या काळचा चमत्कार. रसायन १८७४ मध्येच तयार झाले होते. ते किडे मारते हे १९३९ मध्ये पॉल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाला आढळले आणि १९४८ मध्ये त्याला वैद्यकाचे नोबेल मिळाले. युद्धात टायफसच्या उवा आणि हिवतापाचे डास यांच्यापासून या पावडरीने असंख्य माणसे वाचवली. युद्ध संपल्यावर ती बाजारात आली आणि शेतावर, बागेत, माजघरात, सगळीकडे उडू लागली. बाईंना शंका फार आधी आली होती. १९४५ मध्येच त्यांनी 'रीडर्स डायजेस्ट'ला या विषयावर लेख सुचवला होता, तो कोणाला नको होता. आता त्या चार वर्षे कागदपत्रांत बुडाल्या. जुन्या खात्यातले मित्र, विद्यापीठांतले संशोधक, डॉक्टर यांना पत्रांवर पत्रे गेली.

त्यांना जे सापडले, त्यातली दोन उदाहरणे मी वर्गात सांगत असे.

पहिले मिशिगन स्टेट विद्यापीठातले. एल्मच्या झाडांना एका बुरशीचा रोग लागला होता आणि तो पसरवीत होते सालीत राहणारे भुंगेरे. म्हणून १९५४ पासून विद्यापीठाच्या आवारातल्या एल्मवर डीडीटी फवारले. रॉबिन हा आपल्या कस्तुराच्या जातकुळीतला पक्षी, वसंतात परत येणारा. फवाऱ्यानंतरच्या वर्षी रॉबिन आले आणि थरथरत मरू लागले. पक्ष्यांवर तर कोणी फवारले नव्हते. जॉर्ज वॉलेस या पक्षितज्ज्ञाने माग काढला. औषध पानांवर चिकटून राहिले, शरदात पाने गळली, गांडुळांनी ती कुजकी पाने खाल्ली. गांडुळे बहुतेक जगली, पण विष त्यांच्या अंगात साठले. रॉबिनने गांडुळे खाल्ली. अकरा मोठी गांडुळे एका रॉबिनच्या मरणाला पुरत, आणि इतकी गांडुळे तो काही मिनिटांत फस्त करतो.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकचे. तळ्यावर चिलटांचे थवे; ती चावतही नसत, पण सहलीला येणाऱ्यांना त्रास. म्हणून १९४९, १९५४ आणि १९५७ असे तीनदा डीडीटीचे भावंड असलेले डीडीडी पाण्यात सोडले. मात्रा अगदी जपून ठरवली होती. दुसऱ्या वेळी पाच कोटी भाग पाण्याला एक भाग. दहा लाखांत ०.०२. त्या हिवाळ्यात तळ्यावरच्या पाणडुब्या मरू लागल्या. आपल्या टिबुकलीच्याच कुळातला, पण मोठा, राजहंसासारखी मान असलेला तो पक्षी. तपासणीत पाण्यातल्या सूक्ष्म प्लवकांत विष आढळले दहा लाखांत ५, आणि पाणडुब्यांच्या चरबीत १,६००. हजारावर जोडपी होती, १९६० पर्यंत तीसेक उरली, आणि त्यांच्याभोवती पिल्ले दिसत नव्हती.

फळ्यावर हे आकडे एकाखाली एक लिहिले की वर्ग गप्प होई. मग मी त्यांना बाणाकडे परत नेत असे. अन्नसाखळीत एका पायरीवरून दुसरीवर ऊर्जा जाते, पण बहुतेक वाटेतच खर्च होते; चालण्यात, श्वासात, उष्णतेत. ढोबळ मानाने दहावा हिस्सा पुढे सरकतो. म्हणून रानात गवत उदंड, नाकतोडे कमी आणि घारी मोजक्या. एका घारीमागे खूप गवत उभे असते. डीडीटीचे मात्र तसे नाही. ते पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळते. शरीर ते सहजी मोडत नाही, बाहेरही टाकत नाही. गवतातली ऊर्जा घारीपर्यंत पोहोचता पोहोचता आटते आणि विष मात्र तेवढेच राहून कमी कमी शरीरांत गोळा होते. रबडीत दूध आटते, साखर आटत नाही, आणि घट्ट रबडी पहिल्या घोटापेक्षा गोड लागते. पोरांना हे पटे. क्लिअर लेकच्या पाण्यात तर थोड्याच दिवसांत विष सापडेनासे झाले होते. पाणी तपासणारा माणूस प्रामाणिकपणे तळे स्वच्छ आहे म्हणाला असता. विष पाण्यातून गेले होते ते जिवांत.

एकदा निफाडकडची एक मुलगी तास संपल्यावर थांबली. द्राक्षबागेचे घर. वडील औषधाचे पिंप काठीने ढवळतात आणि काठी नसली की हाताने, असे तिने सांगितले. त्यांना काही होईल का, हा तिचा प्रश्न होता. चरबीत साठणारी औषधे वेगळी, लगेच बाधणारी वेगळी, हे मी सांगितले, आणि हातमोजे घालायला लावायला सांगितले. कार्सनबाईंच्या पुस्तकात फळबागांतले मजूर आणि फवारणी करणारे शेतकरी जागोजाग येतात, हे त्या दिवसानंतर मी सांगायला विसरलो नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे गेली, तेव्हा मला ती मुलगी आठवली होती.

पुस्तक लिहिणे चालू असतानाच बाईंचे घर आणि शरीर दोन्ही ढासळत होते. डिसेंबर १९५८ मध्ये आई गेली. एप्रिल १९६० मध्ये स्तनावर मोठी शस्त्रक्रिया झाली. रोग कर्करोगाचा आहे हे त्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलेच नाही. बायकांना असे सांगायचे नसते, हा तेव्हाचा रिवाज. डिसेंबरमध्ये दुसऱ्या डॉक्टरकडून खरे कळले तेव्हा रोग पसरला होता. पुढे किरणोपचार, सांध्यांचा त्रास, आणि काही आठवडे डोळे इतके सुजले की वाचता येईना. मदतनीस बाई मजकूर वाचून दाखवत. पुस्तकात कर्करोगावर एक प्रकरण आहे. आपल्याला तोच आजार आहे हे कळले तर विरोधक म्हणणार, बाई स्वतःच्या दुखण्यापायी लिहितात. म्हणून मोजक्या जवळच्यांखेरीज कोणालाही त्यांनी कळू दिले नाही. मला त्यांच्या साऱ्या आयुष्यात हे मौन सर्वांत अवघड वाटते. ज्यांना बोलायचेच काम होते त्यांनी ते पाळले.

जून १९६२ मध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये तीन भाग आले आणि २७ सप्टेंबरला 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक. मुका वसंत हे नाव मुळात पक्ष्यांवरच्या एका प्रकरणापुरते होते, ते साऱ्या पुस्तकाला मिळाले. शेवटी संदर्भांचीच पन्नासहून अधिक पाने. एका कीटकनाशक कंपनीने प्रकाशकाला खटल्याची धमकी दिली, दुसरीने पुस्तकाचे विडंबन छापून वाटले. लग्न न झालेल्या बाईला पुढच्या पिढ्यांची काळजी कशाला, अशीही कुजबुज झाली. दत्तक घेतलेले पोर घरात शाळेची बॅग टाकत होते, हे कुजबुजणाऱ्यांना कोण सांगणार! ३ एप्रिल १९६३ ला सीबीएस दूरचित्रवाणीने तासाभराचा कार्यक्रम केला. पाचपैकी तीन जाहिरातदारांनी अंग काढून घेतले, तरी तो दाखवला गेला. मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीचा अहवाल आला. त्याने बाईंचे म्हणणे बव्हंशी उचलून धरले. ४ जूनला सिनेटच्या उपसमितीपुढे त्या साक्षीला बसल्या, तेव्हा डोक्यावर विग होता आणि चालणे कठीण झाले होते. समोरच्यांना ते ठाऊक नव्हते.

त्यांनी सगळी औषधे बंद करा असे म्हटले नव्हते. कोणते, कुठे, किती, आणि त्याचे पुढे काय होते हे न पाहता ज्याच्या-त्याच्या हाती देऊ नका, एवढेच म्हणणे होते. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली होती: अंदाधुंद फवाऱ्याने किडे मरत नाहीत, निवडले जातात. औषधाला पुरून उरणारे वाचतात आणि त्यांचीच प्रजा वाढते.

इथे आपला संबंध येतो. भारतात १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. माझ्या लहानपणी खाकी पोशाखातले फवारणीवाले घरात येत, भांडीकुंडी अंगणात निघत आणि भिंतींवर पांढरट पुटे चढत. दारावर तारीख लिहून ते पुढच्या घरी जात. १९६५ पर्यंत रुग्ण लाखभरावर आले. ही डीडीटीची करामत होती आणि ती नाकारणे कृतघ्नपणा होईल. कार्सनबाईंच्या पुस्तकात हिवतापाला जेवढी जागा हवी होती तेवढी नाही, असे मला वाटते. ज्या देशात डास पाहुणा आहे तिथले ते पुस्तक आहे. पण १९७६ पर्यंत आपल्याकडचे रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. सैल पडलेली व्यवस्था, अपुरा पुरवठा ही कारणे होतीच, आणि औषधाला दाद न देणारे डास हेही होते. म्हणून हिवतापाने मेलेल्या लाखोंचे पाप या बाईंच्या माथी मारणारे लेख मी वाचतो तेव्हा नवल वाटते. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली ती स्वतःच्या देशातल्या वापरावर. भारताने शेतीतला वापर १९८९ मध्ये थांबवला, हिवतापासाठी फवारणी चालूच ठेवली; रायगड जिल्ह्यातल्या रसायनीच्या सरकारी कारखान्यात डीडीटी तयार होत असे. २००१ च्या स्टॉकहोम करारानेही रोग पसरवणाऱ्या किड्यांपुरती सवलत ठेवली. उलट, शेतावर कमी उडाले असते तर डासांवर ते जास्त दिवस चालले असते, हा बाईंचाच मुद्दा होता.

डीडीटीपासून शरीरात बनणाऱ्या द्रव्यामुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांचे कवच पातळ होते, हा पुरावा १९६७ मध्ये इंग्लंडमधून आला. टकला गरुड अमेरिकेत दिसेनासा होत चालला होता, तो २००७ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर पडला. आपल्याकडे गिधाडे नाहीशी झाली तेव्हा उत्तर वेगळे निघाले. जनावरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांत जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करीत होते. २००४ मध्ये ते सिद्ध झाले, २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. माग काढण्याची वाट मात्र वॉलेसने रॉबिनमागे घेतली होती तीच: काय खाल्ले, आणि त्याने आधी काय खाल्ले होते.

१९६३ च्या सप्टेंबरात बाई शेवटच्या साउथपोर्टला होत्या. डोरोथी फ्रीमन ही शेजारीण त्यांची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एका सकाळी किनाऱ्यावर बसून मोनार्क फुलपाखरांचे दक्षिणेकडे निघालेले थवे पाहत राहिल्या. यातली बहुतेक परत येणार नाहीत, हे दोघींना माहीत होते. त्या दिवसाबद्दल बाईंनी मैत्रिणीला पत्र लिहिले. त्यात दुःख नाही.

१४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग येथील घरी त्या गेल्या. साधा निरोप हवा होता. भावाने वॉशिंग्टनच्या मोठ्या कॅथेड्रलमध्ये थाटाचा विधी केला. अर्ध्या अस्थी आईच्या शेजारी पुरल्या. उरलेल्या डोरोथीने साउथपोर्टच्या खडकांवरून समुद्रात सोडल्या. बारा वर्षांच्या रॉजरला बाईंचे संपादक पॉल ब्रुक्स आणि त्यांच्या पत्नीने आपल्या घरी नेले.